मागच्या बाकावरची सोबत

"मॅडम, आज वर्गात तुम्ही मला चार वेळा गप्प केलंत," चहाचा कप टेबलावर आदळत अफशान म्हणाली.

आता गंमत अशी, की त्या दिवशी सकाळी मी विद्यापीठात पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. दाढ ठणकत होती म्हणून कराडला दातांच्या डॉक्टरांकडे तोंड वासून पडले होते. अर्धा गाल अजून बधिर होता.

"मी?"

"तुम्हीच. मी पोरांना एक प्रश्न घालून विचार करायला बसवलं, आणि तुमचं कानात सुरू. 'पुढे चल गं, कंटाळलीत पोरं. पुढे चल.'"

"अगं बाई, ती मी नाही. तो माझा आवाज."

"तेच तर! दुसऱ्या कुणाचा असता तर मी ऐकलाच नसता," ती म्हणाली आणि कपाकडे बघत बसली.

हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईंना दिलेलं इंजेक्शन अजून उतरलेलं नाही.

मी हेमलता खराडे. भैरवमाळ विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. विद्यापीठ खाजगी आहे, माळावर आहे, आणि वारा एवढा की पहिल्याच आठवड्यात नव्या माणसाची छत्री उलटी होते. गेली बरीच वर्षं मी नव्या प्राध्यापकांना शिकवायला शिकवते. आमच्या खात्याचं पाटीवरचं नाव 'अध्यापक विकास केंद्र'. पण पाटी कोण वाचतो? सगळे 'खराडे मॅडमची खोली' म्हणतात. अफशान शिकलगार स्थापत्य विभागातली, मूळची विट्याची. पूल बांधणाऱ्या कंपनीची नोकरी नाकारून मास्तरकी करायला आलेली. अशा पोरीला वेडी म्हणायचं की शहाणी, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण जीव लावावा अशी मात्र आहे.

आमच्याकडे पूर्वीपासून एक रीत होती. नवा माणूस रुजू झाला की पहिलं सत्र एक जुना माणूस त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. काही लिहायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, नुसतं बसायचं. तास संपला की दोघांनी कँटीनला यायचं, आणि नव्यानं आधी बोलायचं. तो बोलेपर्यंत जुन्यानं तोंड उघडायचं नाही, मग भले चहा संपून जावो. त्यानं तोंड उघडलं तरी जुन्यानं फक्त प्रश्न विचारायचे किंवा अगदी एखादा शब्द बोलायचा. आणि एक दिवस, आधी न सांगता, जुना माणूस वर्गात यायचाच नाही. बाक रिकामा दिसला की समजायचं, आपण पक्के झालो. ऑफिसचा कागद यायचा तेव्हा येवो.

अभिनंदन चौगुलेचा मागचा बाक माझ्याकडे होता. पहिल्या तासाला हा गडी फळ्याकडे तोंड करून जो उभा राहिला, तो घंटा होईपर्यंत वळलाच नाही! फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. मग कँटीनला आला. मी गप्प. त्याचा चहा गार झाला, वर साय धरली, तेव्हा म्हणाला, "मॅडम, मी पोरांकडे बघितलंच नाही." मी म्हटलं, "उद्या बघ." झालं, एवढंच.

सत्र संपत आलं तेव्हा एके दिवशी मी गेले नाही. तास सुटल्याबरोबर हा खडूनं माखलेल्या हातांनी धावत कँटीनमध्ये. "मॅडम, बऱ्या आहात ना?"

"ठणठणीत आहे. चहा पितेय," मी म्हटलं.

तो उभाच राहिला. मग त्याला उमगलं आणि डोळे भरून आले गधड्याचे. तसल्याच डोळ्यांनी त्यानं दोन प्लेट वडे खाल्ले.

तोच अभिनंदन आता आमचा कुलगुरू आहे. चारचौघांत मी त्याला 'सर' म्हणते, दार लावलं की 'अरे मेल्या'. आणि एक सवय त्याची अजून गेली नव्हती. विद्वत परिषदेची बैठक असली की मी मागच्या खुर्चीवर बसायची, आणि कुठलाही मोठा निर्णय घेण्याआधी तो मान उचलून मागे बघायचा. मी मान हलवली की गाडी पुढे जायची. कुणाच्या लक्षात यायचं नाही. मला मात्र यायचं, आणि आवडायचंही, कशाला खोटं बोलू?

तर, यंत्र त्यानं आणलं.

विद्यापीठ फुगलं होतं. एकाची चार आवारं झाली, दरवर्षी शेकड्यानं नवी माणसं, आणि मी एकटी, तीही गुडघे धरून चालणारी. "मॅडम, प्रत्येकाच्या मागच्या बाकावर तुम्ही कशा बसणार?" तो म्हणाला. "पण कुणीतरी बसलं पाहिजे. माझ्यामागे कुणी नसतं तर मी आठ दिवसांत पळून गेलो असतो." म्हणून आमच्याच इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडून त्यानं 'सोबत' करून घेतली.

ती चालते कशी, ते मला समजलं तसं सांगते. आपण कितीही शांत बसलो तरी श्वासाबरोबर छाती हलते, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती केसभर थरथरते. वर्गाच्या छतात ताटलीएवढा रडार बसवलेला असतो. त्याच्या बारीक लहरी छातीवर आपटून परत जातात आणि ती थरथर सोबत घेऊन जातात. अंगाला काही चिकटवायचं नाही, कॅमेरा नाही. बाकावर बसलेल्या प्रत्येकाचा श्वास आणि ठोका वरच्या वर कळतो.

आता पुढची गोष्ट. माणसं एकच कथा मन लावून ऐकत असली, की एकमेकांकडे न बघताही त्यांची हृदयं एकाच जागी वेग घेतात आणि एकाच जागी मंदावतात. लक्ष उडालं की ज्याचं त्याचं हृदय आपापल्या वाटेनं जातं. हे जुळणं 'सोबत' मोजते, शून्य ते शंभर. त्या आकड्याला म्हणायचं 'लय'. लय मोडली की शिक्षकाच्या कानामागे अडकवलेली एक छोटी चकती हाडातून कुजबुजते: थांब, उदाहरण दे, त्या तिसऱ्या रांगेकडे बघ. आणि कुजबुजायला आवाज कुणाचा? अभिनंदननं माझ्याकडे येऊन, हात जोडून, माझा मागितला. मी चार दिवस एका खोलीत बसून 'थांब गं', 'वळ रे बाबा', 'छान, असंच चालू दे' असलं काहीबाही बोलत होते. माझा नवरा म्हणाला, घरी वेगळं काय करतेस?

यंत्र वाईट नव्हतं, हे छातीवर हात ठेवून सांगते. तासाआधी ज्यांना उलट्या व्हायच्या अशी पोरं त्याच्या आधारानं उभी राहिली. पण आकडा आला की आकड्यावर प्रेम करणारेही येतात. संचालक मंडळानं नियम केला: प्रोबेशनच्या दोन वर्षांत सरासरी लय साठ झाली तर कायम, नाहीतर नमस्कार. अभिनंदननं सही केली. अफशानची सरासरी पन्नाशीत घुटमळत होती. शेवटचा एक तास राहिला होता, समितीसमोरचा. त्यात साठ ओलांडले तर कुलगुरूंना आपल्या अधिकारात तिला ठेवता येणार होतं. नाहीतर पोरगी गेली.

"उद्या मी येते तुझ्या वर्गात," त्या दिवशी मी तिला म्हटलं. "मी म्हणजे मी. गुडघ्यांसकट."

दुसऱ्या दिवशी गेले. तिनं फळ्यावर तीन पायांचं टेबल काढलं. "याच्यावर कुठेही वजन ठेवा, कुठल्या पायावर किती भार येतो ते साध्या हिशेबानं काढता येतं. बरोबर?" पोरांनी काढलंसुद्धा. मग तिनं टेबलाला चौथा पाय लावला. "आता सांगा. चारही पायांवर किती किती?"

वर्ग चिडीचूप. एक जण पेन चावत होता. एकीनं कंपासपेटीचं टेबल केलं. दोघं एकमेकांच्या वहीवर रेघोट्या ओढायला लागले, एक नुसता छताकडे बघत होता. मला तर एवढं बरं वाटत होतं! मागच्या भिंतीवर शिक्षकाला दिसेल असा आकडा असतो, मी मान वळवून बघितला. एकाहत्तरवरून चौतीसवर. आणि अफशानचा हात कानामागे गेला. तिचा चेहरा पडला. मला दिसत होतं, मी तिच्या कानात काय बोलत असणार ते.

"बरं, हे नंतर बघू," ती म्हणाली. "पुढे जाऊ या." पेनं खाली आली, माना वर झाल्या, आणि आकडा वर चढला.

मला ओरडावंसं वाटलं. सगळी मिळून ऐकत असली की माणसं एका लयीत येतात, मान्य. पण एकच कोडं सोडवायला बसलेली माणसं? एक अडलेला, एकीला सुचलेलं, एक चुकून मागे आलेला. प्रत्येकाचा श्वास वेगळ्या जागी अडकणार आणि वेगळ्या जागी सुटणार. लय मोडणारच! कंटाळा आणि विचार, छतातल्या ताटलीला दोन्ही सारखेच दिसत होते. आणि माझ्याच आवाजात ती शेकडो मास्तरांना सांगत सुटली होती की पोरं विचार करायला लागली रे लागली, की घाई करा.

मी तशीच कुलगुरूंच्या दालनात घुसले. दार लावलं.

"अरे मेल्या, तुझी ती ताटली पोरांना विचार करू देत नाही."

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, एका वर्गावरून काही सिद्ध होत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत."

"मग तू येऊन बस. परवा तिचा समितीसमोरचा तास आहे."

"मंत्रालयाची बैठक आहे परवा."

"चुलीत घाल ती बैठक."

तो हसला. पण लगेच गंभीर झाला. "मॅडम, एक विचारू? जूनमध्ये तुम्ही निवृत्त होताय. त्यानंतर कोण टिकणार आणि कोण जाणार, हे मी कुणाकडे बघून ठरवू? तुमच्या मानेवर माझा विश्वास आहे. पण बाकीच्या आवारांतल्या लोकांनी तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही. त्यांनी का ठेवावा? आकडा निदान सगळ्यांना सारखा आहे."

मी नुसतीच तणतणत बाहेर आले. पण परवाच्या तासाला तो आला. बैठक चुलीत घालून आला, आणि माझ्या शेजारी मागच्या बाकावर, गुडघे पुढच्या बाकाला टेकवून बसला. मांडीवर टॅब, त्यावर वर्गाचा नकाशा. प्रत्येकाच्या जागी एक ठिपका, लयीत असला की हिरवा, सुटला की तांबडा. आम्ही दोघंही त्यात होतो, ताटलीला कुलगुरू काय नि कारकून काय. समितीचे बाकीचे दोघं वरच्या मजल्यावर बसून आकडाच बघणार होते. त्यांना तेवढं पुरत होतं.

अफशाननं पुलांच्या कमानींपासून सुरुवात केली. आवाज जरा कापत होता, नेहमीची ती नव्हती. पण आकडा बघते तर काय! सत्तर, ऐंशी, ब्याण्णव, सत्त्याण्णव. सगळे ठिपके हिरवेगार, तांबडे फक्त आमचे दोन.

"बघा," अभिनंदन माझ्या कानाशी पुटपुटला, "उगाच काळजी करत होतात तुम्ही."

मी ठिपके सोडले आणि पोरांच्या पाठी बघितल्या. मागच्या बाकावरून पाठीच तर दिसतात. सगळे खांदे एकदम वर जात होते, जरा थांबत होते, एकदम खाली येत होते. पुन्हा वर. मी हे कुठे बघितलंय? सकाळी मैदानावर! आमच्याकडे पहिल्या तासाआधी योगासनं सक्तीची आहेत. चार मोजत श्वास आत, चार मोजत बाहेर. श्वास एका तालावर आला की हृदयाचा वेगही त्याच्या मागोमाग हेलकावे घेतो. लबाड लेकाचे! आपल्या मॅडमची नोकरी वाचवायला अख्खा वर्ग प्राणायाम करत होता.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या डोक्यात आलं, की आता गप्प बसले तर पोरगी तरते. अजून थोडा वेळ पोरांनी असाच श्वास घेतला की झालं. आणि मला तेच हवं होतं ना? मी ओठ घट्ट मिटून बसले.

तेवढ्यात अफशाननं माझ्याकडे बघितलं. तिच्या कानात माझा आवाज नक्की म्हणत असणार, "छान गं, असंच चालू दे." आणि समोर मागच्या बाकावर माझं तोंड. माझं तोंड मला कधीच लपवता आलेलं नाही, पंचेचाळीस वर्षं नवरा हेच सांगतोय. ती बोलता बोलता थांबली. एकदा आकड्याकडे, एकदा माझ्याकडे, मग पोरांकडे बघितलं तिनं. नीट, एकेकाकडे.

"सृष्टी, मी आत्ता काय म्हणाले?"

सृष्टी बनसोडे, पहिल्या बाकावरची, वर्गाची पुढारीण. दचकून उठली आणि म्हणाली, "चार, मॅडम."

"काय चार?"

"म्हणजे... आत घ्यायचा चार, बाहेर..." आणि तिला रडू फुटलं. "मॅडम, तुम्हाला काढणार म्हणाले म्हणून आम्ही... सगळ्यांनी ठरवलं. कुणी ऐकत नव्हतं तुमचं. आम्ही नुसते मोजत होतो."

अफशानच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ओढणीला पुसलं. "अरे वेड्यांनो," ती म्हणाली. "माझ्यासाठी एवढं केलंत? मग आणखी एक करा."

कानामागची चकती काढून तिनं टेबलावर ठेवली. मग वळली आणि फळ्यावर परवाचं, अर्धवट राहिलेलं, चार पायांचं टेबल काढलं.

"श्वास तुमचा तुम्ही घ्या, कसाही. हे मला सोडवून द्या. मी थांबते."

आणि ती थांबली. हात पाठीमागे बांधून, फळ्याला टेकून, खुशाल थांबली. पेनं बाहेर आली. कुजबुज, खाडाखोड, मग शांतता. टॅबवरचे ठिपके एकामागून एक तांबडे होत गेले. साठ. बेचाळीस. एकोणतीस. गेली पोरीची नोकरी, असं मनात म्हणत मी शेजारी बघितलं.

कुलगुरू टॅबकडे बघतच नव्हते. माझ्या पर्समधून पेन काढून घेऊन मंत्रालयाच्या बैठकीच्या पत्रिकेवर त्यांनी टेबल काढलं होतं. "चार अज्ञात," पुटपुट चालली होती, "समीकरणं तीनच... चौथं आणायचं कुठून?"

मी कोपरानं ढोसलं. "सर, तुमचा ठिपका तांबडाच आहे. तुमचं लक्ष नाही म्हणतंय यंत्र."

"थांबा हो मॅडम, जरा विचार करू द्या की," तो वैतागून म्हणाला.

आणि म्हणता म्हणता थांबला. पेन तसंच हातात. टॅबकडे बघितलं, त्या तांबड्या ठिपक्यांच्या गर्दीत स्वतःचा ठिपका बघितला. मग वाकलेल्या माना बघितल्या.

"मॅडम!" सृष्टी ओरडली, अजून नाक ओढत. "याचं उत्तर येतच नाही! पाय किती दबतात ते कळल्याशिवाय सांगताच येणार नाही. टेबल कडक धरून चालणार नाही!"

अफशानचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता तुम्ही. तिच्या ध्यानातही नव्हतं की समोर कुलगुरू बसलेत.

तासाची सरासरी सत्तेचाळीस आली. अभिनंदन उठला, अफशानला एवढंच म्हणाला, "शनिवारी विद्वत परिषदेत ठरेल," आणि गेला.

शनिवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे आले, आणि बैठकीच्या दालनाकडे न जाता कँटीनमध्ये जाऊन बसले. अफशान तिथेच होती. तिला चहा घशाखाली उतरत नव्हता.

"मॅडम, बैठक सुरू होईल. तुम्ही जात नाही?"

"नाही."

"असं काय करताय? माझी नोकरी आहे ती! तुम्ही तिथे असलात की सर..."

"माहितीय," मी म्हटलं. "मी असले की तो मागे बघणार, मी मान हलवणार, तू राहणार. आणि जूनमध्ये मी गेले की? तुझ्यानंतर येणारी जी असेल, तिच्यासाठी कोण मान हलवणार? त्याला हे स्वतःहून म्हणू दे."

"आणि नाही म्हणाले तर?"

मी पोरीचा हात धरून बसून राहिले.

फोन वाजला. कुलगुरू.

"मॅडम, सगळे जमलेत. तुमची खुर्ची रिकामी आहे." आवाजात तीच जुनी धावपळ. "बऱ्या आहात ना?"

"ठणठणीत आहे," मी म्हटलं. "चहा पितेय."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं. मग अगदी हळू, "बरं मॅडम," आणि फोन बंद झाला.

त्यानंतर आम्ही दोघी किती वेळ बसलो कोण जाणे. कँटीनमधली गर्दी येऊन गेली. अफशाननं साखरेच्या पुड्या एकावर एक रचल्या आणि पाडल्या. मग ती उठून उभी राहिली, कारण दारातून अभिनंदन येत होता. एकटाच, कोट हातावर टाकून, कपाळावर घाम.

खुर्ची ओढून तो आमच्यासमोर बसला. मी एक शब्द बोलले नाही. रीत म्हणजे रीत.

"अफशान, बस. तू कायम झालीस," तो म्हणाला.

ती बसली कुठली? ओढणी तोंडावर धरून तिथेच हुंदके द्यायला लागली, आणि शेजारच्या टेबलावरची सृष्टी आणि कंपनी, जी केव्हापासून तिथे लपून बसली होती, त्यांनी बाकं बडवून कँटीन डोक्यावर घेतलं.

"मोठा वाद झाला," गलका जरा कमी झाल्यावर अभिनंदन मला म्हणाला. "बैठकीला आलेले संचालक मंडळाचे लोक म्हणाले, सत्तेचाळीसला कायम केलं तर नियमाला अर्थ काय? मी म्हटलं, त्या सत्तेचाळीसमध्ये मीसुद्धा होतो. वर्गात माझं जेवढं लक्ष होतं तेवढं या बैठकीतही नाही."

"मग?" मी विचारलं. प्रश्न चालतो.

"मग म्हणाले, विचार कुठला आणि कंटाळा कुठला हे कोण ओळखणार? मी म्हटलं, मागे बसून बघणारा माणूस. प्रत्येक आवारात जुनी माणसं तयार करायची, कामातून वेळ काढून द्यायचा. सुरुवात माझ्यापासून, महिन्यातून दोन दिवस मी बसणार. शेवटी त्यांनी मानलं. 'सोबत' राहील, पण फक्त पहिल्या सत्रापुरती, आणि तिच्या आकड्यावर कुणाला काढायचं नाही. सत्र संपलं की तिनं बाकावरून उठायचं."

"यंत्र उठतं होय?"

"उठवायचं. शेवटच्या दिवशी तुमचा आवाज कानात काहीच बोलणार नाही. त्यावरून ज्याचं त्यानं समजायचं."

मी मान खाली घातली. कपात चहा होता अजून थोडा.

"बोलताना तीनदा मागे बघितलं मी," तो म्हणाला. "सवयीनं. खुर्ची रिकामी. पहिल्यांदा बोलता बोलता अडलो. तिसऱ्यांदा नाही अडलो." मग त्या कुलगुरूच्या तोंडावर तो जुना, खडूनं माखलेला पोरगा दिसला मला. "मॅडम, माझ्या मागून उठायला तुम्हाला फार वर्षं लागली."

"आवडायचं रे मला तिथे बसायला," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. चारचौघांत, पोरांसमोर, अगदी हुंदके देऊन आलं.

अफशान बोलायला गेली, तर अभिनंदननं हातानंच तिला थांबवलं. माझा चहा संपेपर्यंत तो गप्प बसून राहिला.